मिशचं गाडगं आणि उजवा हात

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," हाजी शेरबीनी म्हणाला, "आणि ज्याचा बसेल त्यानं उद्या सकाळी जाऊन डोकं तपासून घ्यावं."

बद्रानच्या कहवाखान्यात हाजीच्या अशा सुरुवातीची सगळ्यांना सवय होती. भिंतीवर निळ्या रंगात, हातभर अक्षरांत 'बद्रानचा कहवाखाना' असं रंगवलेलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली हाजीची जागा. बद्राननं चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला. वदीअ न्हाव्यानं डोमिनोच्या सोंगट्या ओंजळीनं बाजूला सारल्या. परवा रात्री तिकडे कफ्र अल-बत्तीखला हाजीच्या नातीचं, इंजीचं, लग्न झालं होतं. मिनीबसमध्ये रक्ताच्या नात्यातली माणसंच कशीबशी कोंबली गेली, त्यामुळे कहवाखान्यातलं कोणी जाऊ शकलं नव्हतं. म्हणजे आता हाजी सांगेल तेच लग्न.

"या हातानं," हाजी म्हणाला आणि त्यानं उजवा हात टेबलावर असा ठेवला, जणू आत्ताच बाजारातून निवडून आणलाय. "या उजव्या हातानं मी परवा काठी उचलली."

पण काठीपर्यंत पोचायचं तर आधी बरीच घाण तुडवावी लागते. नाक दाबून घ्या.

हाजी शेरबीनीचा उजवा हात हा दुम्यात गावातला एक नावाजलेला हात होता. उभं आयुष्य त्यानं मुशब्बक तळली. उकळत्या तुपात पिठाची धार सोडायची, मनगट फिरवत तिची जाळी विणायची आणि खरपूस झाली की पाकात लोटायची. त्याच्या जाळीतली भोकं मोजून घ्यावीत अशी सारखी. दुकान मुलाच्या ताब्यात दिल्यावरसुद्धा त्या हाताला वेलदोड्याचा वास यायचा म्हणे. निदान हाजी तरी दिवसातून चारदा हुंगून पाहायचा. गेल्या वर्षी त्याच हाताचा खांदा आखडला. हात कानापर्यंत जायचा आणि तिथं अडायचा, ओलीनं फुगलेल्या लाकडी खणासारखा. दुम्यात हे सुतारांचं गाव. अडलेला खण कसा सोडवायचा ते इथं शेंबडं पोरही सांगेल, पण अडलेल्या खांद्यावर रंधा मारता येत नाही.

हात अडला याचं एरवी फार बिघडलं नसतं. पण इंजीचं लग्न ठरलं.

लग्नात सनई-ढोल सुरू झाले की पहिली काठी नवरीच्या आजोबानं उचलायची. उजव्या हातात, हात पुरा डोक्यावर, मग सलाम, मग गिरकी. त्याला जमलं नाही तर मान नवऱ्याच्या आजोबाकडे जातो. आणि नवऱ्याचा आजोबा म्हणजे हाजी मितवल्ली.

मितवल्लीचं नाव निघालं की शेरबीनीच्या जिभेवर काहीतरी बुळबुळीत आल्यासारखं व्हायचं. साखरपुड्याला हा माणूस त्यांच्या घरी जेवायला आला आणि पानात बदक, भात, भरलेली कोबी असं सगळं असताना त्यानं तोंड वर करून मिश मागितलं. मिश म्हणजे जुनं चीज. ताकात आणि मिरचीत बुडवून, गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधून, महिनोन् महिने गच्चीवर उन्हात ठेवायचं, ते तांबूस-करडं होऊन त्यात वस्ती होईपर्यंत. हो, वस्तीच. पांढरी, बारीक, वळवळणारी. लोक म्हणतात, ती वस्ती आपोआप होते, त्यात घाण काही नाही. हाजी म्हणायचा, ज्यांना असं वाटतं त्यांनी आपल्या पोटात काय आपोआप झालंय तेही एकदा बघून घ्यावं. तर मितवल्लीनं भाकरी बाजूला ठेवली आणि सरळ बोट गाडग्यात घातलं. एक अळी बोटाच्या टोकावर घेऊन दिव्याच्या उजेडात धरली, हलतेय ना बघितलं, आणि जी हलते ती ताजी म्हणत तोंडात टाकली. वर तोंड उघडं टाकून हसला. शेरबीनीनं त्या उघड्या तोंडात जे पाहिलं, त्यानंतर त्याला दोन दिवस पाणीसुद्धा गाळून प्यावंसं वाटत होतं.

तर हा माणूस, त्या बोटानं, इंजीच्या लग्नाची पहिली काठी उचलणार होता.

इंजीला आजोबाची तगमग दिसत होती. मन्सूराच्या विद्यापीठात फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींनी एक उद्योग काढला होता. आसपासच्या गावांतली घरं वाटून घ्यायची आणि तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून फोनवरून व्यायाम करून घ्यायचे. मधे प्राध्यापक नाही, दवाखाना नाही, सगळा कारभार पोरांचाच. इंजीनं आजोबाचं नाव तिथं घातलं. हाजीच्या वाट्याला आली मिरीहान. तिसऱ्या वर्षाची, चष्मा, आवाज बारीक पण हट्टी.

पहिल्या दिवशी फोन मांडणीवर उभा करून ठेवला होता. पाहुणी घरात आली म्हणून वगीदानं, हाजीच्या बायकोनं, फोनसमोर चहा ठेवला. मुलीनं तिकडून लाख सांगितलं की मी इथं वसतिगृहात आहे, मला पिता येणार नाही, पण घोट घेतल्याशिवाय उठायचं नाही असा वगीदाचा आग्रह. शेवटी पोरीनं आपला पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला तेव्हा कुठं कामाला सुरुवात झाली. हाजीनं इस्त्रीची, पायघोळ लोकरी गलाबिया घातली होती. मिरीहान म्हणाली, खांदा दिसायला हवा, ती काढा. हाजी बनियनवर आला. फोनच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचा चौकोन दिसला. खाटकाच्या दारात पिसं काढून टांगलेलं म्हातारं बदक असतं तसं काहीतरी त्यात लोंबत होतं, आणि ते पापण्या मिटत होतं. हाजीनं तोंड फिरवलं. इतकी वर्षं आपण हे असलं घेऊन लोकांना मिठाई विकली, असं त्याच्या मनात आलं.

मिरीहाननं स्वयंपाकघरातलं किलोभर वजनाचं काहीतरी घ्यायला सांगितलं. तांदळाची पिशवी, मसूर, काहीही.

वगीदानं हात कमरेवर ठेवले. काखेपाशी जाऊन आलेला तांदूळ ती हंडीत घालणार नव्हती. मसूर तर नाहीच. ती हाजीला फोनसकट गच्चीवर घेऊन गेली आणि भिंतीशी उन्हात ठेवलेल्या मिशच्या लहान गाडग्याकडे बोट दाखवलं. हे गाडगं इंजीबरोबर सासरी जायचं होतं. मितवल्लीनं ते साखरपुड्याच्या दिवशीच मागून ठेवलं होतं. आता ते अधूनमधून हलवायला हवं होतं आणि वगीदाचे गुडघे जिना चढायला कुरकुरत होते.

"अहो हाजी, नाहीतरी तुमचा हात हलणारच आहे," ती म्हणाली. "मग कामाला तरी येऊ दे."

म्हणजे मितवल्लीच्या घशात जाणारी घाण शेरबीनीनं आपल्या खांद्यावर घुसळायची. हाजीनं गाडग्याकडे पाहिलं. गाडग्याच्या तोंडावर बांधलेलं फडकं वाऱ्यानं हलत असावं असं त्याला आधी वाटलं. मग लक्षात आलं, वारा नाहीये.

त्यानं उजवा हात पुढे केला आणि मागे घेतला. ज्या हातानं आपण जेवतो, सलाम करतो, ज्यानं उभा जन्म पाकात घालवला, तो हात याला लावायचा? असल्या कामांसाठी देवानं डावा दिलाय. त्यानं डाव्या हातानं गाडगं उचललं, शक्य तितकं अंगापासून लांब धरलं, आणि मिरीहान म्हणेल तसं वर नेलं.

ती तिकडून म्हणाली, "हाजी, दुखरा हात उजवा ना? तुम्ही डावा उचललाय."

आता खरं सांगायचं तर उजव्या हातानं ते गाडगं धरावं लागलं असतं. हाजीच्या तोंडून खोटं असं निघालं, जसं हातून पीठ निघायचं, न अडखळता.

"पोरी, हा उजवाच आहे. फोन उलटं दाखवतो. माझा भाचा फोन दुरुस्त करतो, त्यानं मला समजावून दिलंय."

हाजीला भाचा नव्हता. बहीणही नव्हती.

मिरीहाननं आपला हात वर करून पाहिला, मग दुसरा, मग असं काहीतरी तिनंही ऐकलंय असं पुटपुटली. हाजीच्या मागे गच्चीचं मोकळं आकाश आणि धुण्याची दोरी, एवढंच होतं. त्यावरून उजवं-डावं कोणाला कळणार? ती पुढे मोजायला लागली.

तेव्हापासून एक दिवसाआड सकाळी गच्चीवर हा सोहळा चालला. फोनमधून सगळं जातं, चेहरा, आवाज, मागची कावळ्यांची कटकट, फक्त वास जात नाही, आणि त्यामुळे तिकडे ती पोरगी सुखात होती. इकडे सूर्य चढायचा, गाडगं तापायचं आणि त्यातून जो भपकारा सुटायचा त्याला कशाची उपमा द्यावी? बकऱ्याच्या गोठ्यात ओला मोजा विसरून रमजान गेला आणि ईद गेली, तर कदाचित. हाजी श्वास कोंडून धरायचा. मिरीहान म्हणायची, श्वास सोडा हाजी, वर नेताना सोडा, खाली आणताना घ्या. घ्या म्हणे. खाली आणताना गाडगं बरोबर नाकासमोरून जायचं. तो न घेता खाली आणायचा, निळा पडायचा, आणि ती त्याच्या श्वासावरच्या ताब्याचं कौतुक करायची.

मासळी बाजारातली एक बोकाळलेली मांजर होती, जी गटारातलं कालवाचं शिंपलंही चाटून पुसायची. ती एकदा कठड्यावरून चालत आली, गाडग्यापासून हातभर अंतरावर थांबली, तिनं नाक वर केलं आणि आली तशी उलट्या पावली गेली. पुन्हा त्या गल्लीत ती कोणाला दिसली नाही. शेजारणीनं धुणं वाळत घालायचं बंद केलं. माश्यांना मात्र हाजी आवडायला लागला. व्यायाम संपवून तो जिना उतरायचा तेव्हा त्या त्याला दारापर्यंत सोडायला यायच्या.

आणि एका सकाळी फडक्याची दोरी सैल झाली. हात वर, गाडगं डोक्यावर, मिरीहान म्हणतेय तसंच धरा, धरा, आणि मिशच्या वस्तीतल्या एका रहिवाशानं उडी मारली. त्या अळ्या उडी मारतात. विश्वास नसेल तर गाडगं उघडून पाहा, मी मागे उभा राहतो. ती सरळ हाजीच्या मिशीत उतरली आणि ओठाच्या दिशेनं निघाली. एक कोमट थेंबही कोपरावरून बगलेत गेला. हाजीनं डोळे गच्च मिटले. हात खाली घेतला तर पुरी गच्ची माखली असती. त्यानं ओठ आत ओढून घेतले आणि नाकानं जेवढी करता येईल तेवढी फूं फूं केली.

मिरीहान म्हणाली, तुमच्या चेहऱ्यावर आज किती निश्चय दिसतोय.

त्या दिवशी हाजीनं बनियन जाळलं आणि तोंड साबणानं आतून धुतलं. तरी जेवताना प्रत्येक घासात भात हलतोय की काय असं वाटत राहिलं. पण एक गोष्ट होती, जी तो वगीदालाही बोलला नाही. त्याला ते कौतुक आवडायला लागलं होतं. पोरगी वर्गातल्या मैत्रिणींना बोलावून त्याचा हात दाखवायची. बघा, कुठं अडत होता आणि आता कुठं जातोय. तिला दिलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांत हाच एक होता, जो चुकत नव्हता, कुरकुरत नव्हता आणि सुधारत होता. हात खरंच सुंदर जात होता. का जाणार नाही? तो कधी आखडलेलाच नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी वगीदा गाडगं बांधून खाली घेऊन गेल्यावर हाजी गच्चीवर एकटाच राहिला. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली. उजव्या हातात धरली. हात कानापर्यंत गेला आणि अडला. त्यानं दात खाऊन रेटा दिला. खांद्यात कळ आली, हात तिथंच. मग त्यानं काठी डाव्या हातात घेतली आणि ती एखाद्या पक्ष्यासारखी डोक्यावर गेली, फिरली, परत आली. हाजी विटांच्या ढिगावर बसला. एवढी घाण नाकानं प्यायली, मिशीवर खेळवली, आणि ती सगळी भलत्याच हाताच्या अंगी लागली. गाडग्याची किळस आली नाही एवढी त्याला त्या क्षणी स्वतःची आली. पोरीला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर तिनं तांदळाच्या पिशवीसाठी वगीदाशी भांडण काढलं असतं, आणि जिंकलं असतं, हट्टी होती. त्यानं फोन काढला, मिरीहानचं नाव समोर आणलं. मग त्यानं फोन खिशात टाकला आणि आंघोळीला गेला.

"तर सनई सुरू झाली," कहवाखान्यात हाजी सांगत होता. "बघतो तर मितवल्लीचं बोट आधीच काठीवर. तेच बोट. मी काठी वरच्या बाजूनं ओढून घेतली, त्यानं धरलेली जागा गलाबियाला पुसली, आणि या हातानं वर नेली. कानापाशी थोडी थांबली. म्हटलं, चल पोरी. आणि गेली. अशी गेली की मंडपातली दिव्यांची माळच टोकाला अडकून खाली आली. पण एक दिवा विझेल तर शपथ. मी दिव्यांसकट नाचलो."

"दिव्यांसकट," वदीअ म्हणाला.

"लोकांना वाटलं, नवऱ्याकडच्यांनी जत्रा बोलावली. पहिल्या गिरकीच्या वाऱ्यानं पुरुषांच्या बाजूचे सगळे हुक्के विझले. दुसऱ्या गिरकीला ढोलवाला रडायला लागला. आणि मितवल्ली, लिहून ठेवा, मितवल्लीनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं."

बद्राननं मिशचं काय झालं ते विचारलं. हाजीनं सांगितलं की मितवल्लीला घरी जाईपर्यंत धीर निघाला नाही, त्यानं मंडपातच फडकं सोडलं आणि बायकांच्या दोन रांगा बसल्या जागी आडव्या झाल्या. मंडळी नाकं धरून हसली. एकानं चहाचा पेला दूर सरकवला.

वदीअ मात्र न्हावी होता. लोकांचे हात कुठपर्यंत जातात ते त्याला रोज दिसायचं. गेल्याच आठवड्यात हाजीला उजव्या हातानं टोपी काढता आली नव्हती. तो म्हणाला, "उजव्याच हातानं ना, हाजी?"

"मग काय नातीला डाव्यानं सलाम करू?"

आणि टेबलावर फोन थरथरला.

हाजीनं नाव वाचलं आणि फोन खिशात घालायला निघाला, पण बद्राननं तो आधीच उचलून, अंगठा एप्रनला पुसून फोनच्या पडद्यावर फिरवला होता. हाताची डॉक्टरीण म्हणतात ती हीच का, म्हणत त्यानं फोन साखरेच्या बरणीला टेकवून हाजीसमोर उभा केला. सगळी मंडळी फोनच्या मागे, हाजीच्या समोर, माना उंचावून बसली.

मिरीहाननं सगळ्यांना सलाम केला, नवरीची चौकशी केली, मुबारक म्हणाली. मग म्हणाली की आजचं शेवटचं. लग्नामुळे राहिलं होतं. तिच्या मागे पाच-सहा चेहरे दाटीनं उभे होते. सबंध वर्ग बघायला आला होता. फक्त एकदा उजवा हात सरळ वर नेऊन दाखवायचा होता.

हाजीनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. उजवा उचलला तर तो कानाशी अडणार, इथंही आणि तिथंही. डावा उचलला तर तिला चालेल, पण हे समोरचे? त्यानं चहाचा उरलेला घोट घेतला. साखर तळाशी बसली होती. तोंडात चिकट गोळा आला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तेच हसू पसरलं, जे दुकानात शिळी मुशब्बक गरम करून विकताना पसरायचं.

तो फोनकडे न बघता मंडळींना म्हणाला, "तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. फोन उलटं दाखवतो. तिला उजवा दिसायला हवा असेल तर मला इथं डावा वर करावा लागतो. शास्त्र आहे ते."

मंडळींनी माना डोलावल्या. बद्रान म्हणाला, त्याच्या मेव्हण्याच्या फोनचंही तसंच आहे. वदीअनंही दोन क्षण विचार करून डोमिनोची सोंगटी खाली ठेवली.

हाजीनं डावा हात वर नेला. कानाच्या वर, टोपीच्या वर, सरळ छताकडे, न थरथरता. तीन आंघोळी झाल्या होत्या तरी बाहीतून एक बारीक भपकारा सुटला आणि पुढच्या बाकावरच्यांनी तोंडं फिरवली. हाजीनं मात्र हात तसाच धरला आणि टाळ्यांची वाट पाहिली.

तिकडून टाळ्या आल्या नाहीत. मिरीहाननं चष्मा वर सरकवला आणि तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणलं. ती हाजीकडे बघत नव्हती. हाजीच्या डोक्यावरून मागे, भिंतीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

"बद्रानचा कहवाखाना," ती सावकाश वाचून म्हणाली. "हाजी, पाटी तर मला सरळ वाचता येतेय. मग तुमचा हात तेवढाच उलटा कसा?"